आधी काडतूस, मग बंदूक

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की सेनगाव तालुक्यात जागल सुरू होते. गोरेगाव असो, आजेगाव असो की पानकनेरगाव, घरटी एक माणूस रात्री आखाड्यावर असतो. रानडुकरांचा कळप शिरला तर वावराचा मोठा तुकडा एका रात्रीत आडवा होतो. पुढे रोही तुरीचे शेंडे खुडतात आणि हरणं हरभऱ्यात उतरतात. डबे वाजवून, फटाके फोडून, झटका मशीन लावून माणसं पीक राखतात. काही जण थेट विजेची तार सोडतात. त्या तारेत जनावरांच्या आधी माणसं मेल्याच्या बातम्या मराठवाड्यात दरवर्षी येतात.

अशा रात्री बंदुकीचा विषय निघतोच. हल्ली त्याला मोबाइलची जोड आहे. चापाखालची लोखंडी कडी खाली-वर करत एकामागून एक गोळ्या झाडणारी रायफल पडद्यावर दिसते. ती हलकी असते, आखूड असते, खांद्याला फार धक्का देत नाही, आणि वापरते ते पिस्तुलाचंच काडतूस. ‘ही आपल्याला घेता येईल का?’ असं कुणीतरी विचारतं.

हा प्रश्न नीट सोडवायचा तर सुरुवात बंदुकीपासून करून चालत नाही. आपल्या भागात कोणती बंदूक घ्यायची हे तिची रचना किंवा कंपनी ठरवत नाही. तिचं काडतूस नांदेड-परभणीच्या परवानाधारक दुकानात मिळतं का, आणि परवान्यावर ते कोणत्या बोअरचं लिहिलेलं आहे, यावर सगळं ठरतं. पण आधी यंत्र काय आहे ते पाहू. ते कळल्याशिवाय काडतुसाचं महत्त्व उमजणार नाही.

चापाखालची ती कडी म्हणजे लिव्हर. लिव्हरच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या, बारीक नळीत एकामागे एक आडवी बसतात. ती भरायची जागा बंदुकीच्या उजव्या बाजूला असते. स्प्रिंगची झडप अंगठ्याने दाबायची आणि काडतूस आत सरकवायचं. ही झडप १८६६ च्या विंचेस्टर रायफलीपासून आली. त्याआधीच्या १८६० च्या हेन्री रायफलीत मॅगझिन पुढच्या टोकाकडून भरावं लागे, आणि त्यासाठी बंदूक खांद्यावरून उतरवावी लागे.

लिव्हर खाली ओढली की आतला बोल्ट मागे सरकतो. त्याच्या टोकाचा आकडा झाडलेलं रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकतो. मागे जाता जाता बोल्ट घोडा चढवतो. ओढ संपत आली की एक पट्टी नवं काडतूस उचलून नळीच्या तोंडासमोर आणते. लिव्हर वर घेतली की बोल्ट ते काडतूस पुढे ढकलून चेंबरमध्ये बसवतो आणि मागून कुलूप लागतं. एवढं सगळं उजव्या हाताच्या एका हालचालीत होतं, डावा हात जागचा हलत नाही. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीपेक्षा ही पटकन चालते ती याच कारणाने.

बोल्टमागचं हे कुलूप बंदुकीची ताकद ठरवतं. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये ते दोन सांध्यांचं आहे. माणूस पाय ताठ करून उभा राहिला की गुडघा भार पेलतो, तसे हे सांधे सरळ रेषेत आले की बोल्टला मागे येऊ देत नाहीत. त्या काळच्या काळ्या दारूचा दाब कमी होता, त्याला एवढं पुरत होतं. पुढे जॉन ब्राउनिंगने १८९२ च्या मॉडेलमध्ये बोल्टच्या दोन्ही बाजूंना पोलादाचे उभे ठोकळे दिले. लिव्हर वर घेतली की ते सरकून खोबणीत बसतात. ही रचना एवढी भक्कम आहे की आजही तिच्या प्रतिकृती .४४ मॅग्नम या तगड्या काडतुसासाठी बनतात. तिसरं ठळक नाव मार्लिनच्या १८९४ मॉडेलचं. त्यात वरचा भाग बंद असतो आणि रिकामं काडतूस बाजूने पडतं. त्यामुळे वर दुर्बीण लावता येते आणि पावसाचं पाणीही आत कमी जातं.

नळीसारख्या या मॅगझिनचा एक नियम जिवाशी निगडित आहे. आत काडतुसं ओळीने बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, आणि बुडाच्या मध्यभागी दारू पेटवणारी टोपी असते. गोळी टोकदार असली तर धक्क्याने मॅगझिनमध्येच बार उडू शकतो. म्हणून या रायफलीत चपट्या किंवा बोथट टोकाच्याच गोळ्या घालायच्या.

आता काडतुसाकडे येऊ. १८७३ साली विंचेस्टरने .४४-४० हे काडतूस आणलं. त्यातला चव्वेचाळीस हा गोळीच्या व्यासाचा आकडा आणि चाळीस हा दारूच्या वजनाचा, ग्रेनमध्ये. पुढे १८७९ मध्ये .३८-४० आणि १८८२ मध्ये .३२-२० आलं. कोल्टने आपली रिव्हॉल्व्हरही याच काडतुसांसाठी बनवली. कमरेला रिव्हॉल्व्हर, घोड्याच्या खोगिराला रायफल आणि दोन्हींना पट्ट्यातलं एकच काडतूस, असा तो हिशोब होता. दुकानापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला तो फार सोयीचा होता, आणि पिस्तुलाचं काडतूस रायफलीत घालण्याची पद्धत तिथूनच रुजली. विसाव्या शतकात १९३५ च्या सुमाराला .३५७ मॅग्नम आणि १९५५ च्या सुमाराला .४४ मॅग्नम आलं. आज परदेशात विकल्या जाणाऱ्या अशा रायफली बहुतेक याच दोन काडतुसांच्या असतात. .३५७ च्या रायफलीत .३८ स्पेशल हे हलकं काडतूसही चालतं, कारण दोन्हींचा व्यास एक आहे, फक्त .३८ ची लांबी थोडी कमी.

पिस्तुलाचं काडतूस रायफलीतून झाडल्याने काय मिळतं? वेग मिळतो. रिव्हॉल्व्हरची नळी चार-सहा इंचांची असते. गोळी बाहेर पडते तेव्हा मागचा वायू अजून जोरातच असतो आणि तो जोर हवेत वाया जातो. अठरा-वीस इंचांच्या नळीत तोच वायू गोळीला जास्त वेळ ढकलत राहतो. .३५७ ची साधारण दहा ग्रॅमची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास जाते, तर रायफलीतून ५५० च्या जवळ पोहोचते. .३८ स्पेशलमध्ये दारू लवकर जळून संपते, त्यामुळे तिथे वाढ थोडीच दिसते. शिवाय खांद्याचा आधार असतो, दोन्ही हात असतात, आणि माशी डोळ्यापासून दूर असल्याने नेमाची चूक कमी होते.

मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. गोळी जाड, बोथट आणि तुलनेने संथ असते. शंभर मीटरपुढे ती झपाट्याने खाली येते. तिथून पुढच्या निशाण्यासाठी ही बंदूक नाही. पण नेम संपला म्हणजे गोळी संपली असं होत नाही. चुकलेली गोळी किलोमीटरभर पुढे जाऊनही माणूस मारू शकते. सेनगावच्या शिवारात वावराला वावर लागून आहे आणि हंगामात जवळजवळ प्रत्येक आखाड्यावर माणूस झोपलेला असतो. जमिनीत काळा दगड आहे. त्यावर आपटलेली गोळी कुठे वळेल हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून मागे मातीचा उंच बांध किंवा टेकाड असल्याशिवाय रायफल झाडणं मला मुळीच मान्य नाही, मग परवाना कोणताही असो.

मग अशी रायफल इथे मिळते का?

नवी घेण्याचा मार्ग सामान्य माणसाला जवळजवळ बंद आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात परदेशी बंदुकांच्या आयातीवर जी बंधनं आली ती आजही आहेत, आणि सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांना आहे. भारतात नागरिकांसाठी वर्षानुवर्षं बनत आलेल्या रायफलींमध्ये मुख्य आहे ती ईशापूरची .३१५ ची बोल्ट-अ‍ॅक्शन. म्हणजे आपल्याकडे लिव्हरची रायफल दिसलीच तर ती जुनी असते. आजोबांच्या काळात आलेली, जुन्या जमीनदार घराण्यात राहिलेली किंवा अशा घराण्याकडून परवान्यावर दुसऱ्याकडे गेलेली. ती बहुतेक वेळा .४४-४०, .३८-४० किंवा .३२-२० ची निघते.

इथे काडतुसाची अडचण समोर येते. आपल्या बाजारात नागरी वापराची काडतुसं मुख्यतः पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून येतात. हा कारखाना १८६९ चा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. बारा बोअरचं ‘शक्तिमान’ काडतूस तिथलंच, .३१५ चं आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ सुद्धा. बुडावर ‘केएफ’ अशी खूण असते. .४४-४० किंवा .३५७ तिथून येत नाहीत. ज्याच्याकडे जुनी विंचेस्टर आहे त्याला जुन्या शिल्लक साठ्यावर किंवा क्वचित कुठे तरी मिळणाऱ्या परदेशी काडतुसांवर अवलंबून राहावं लागतं. दर विचारला की बऱ्याच जणांचा उत्साह तिथेच ओसरतो.

.३२ या आकड्याने तर हमखास घोटाळा होतो, म्हणून तो नीट सांगतो. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं, ‘अशनी’ पिस्तुलाचं .३२ वेगळं आणि जुन्या विंचेस्टरचं .३२-२० वेगळं. तिन्हींच्या गोळ्यांचे व्यास एकमेकांच्या जवळ आहेत, पण लांबी, आकार आणि बुडाची घडण निराळी आहे. .३२-२० ला तर बाटलीसारखी मान असते. रिव्हॉल्व्हरचं काडतूस या रायफलीत घालून बघू, असा विचारही करू नये. पितळ फुटून उडालेला वायू डोळ्यांत जाऊ शकतो. नळीवर कोरलेला पूर्ण मजकूर वाचावा, परवान्यावरची नोंद त्याच्याशी ताडावी, आणि दोन्हींत फरक दिसला तर दुकानात जाण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात जावं.

.३१५ ची गोष्ट याच संदर्भात सांगायला हवी, कारण कायद्याची एक जुनी धारणा तिच्यातून दिसते. सैन्याच्या बंदुकीत चालणारी काडतुसं सामान्यांच्या हाती जाऊ नयेत, हे इंग्रजांनी पक्कं केलं होतं. सैन्याची रायफल .३०३ ची, म्हणून नागरिकांसाठी तिच्यापासून वेगळं, .३१५ चं काडतूस ठेवलं गेलं. आजचा कायदाही त्याच धारणेवर चालतो. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसं, तसंच ९ मिलिमीटर, .३८०, .४५५ आणि कडा नसलेलं .४५ ही काडतुसं ज्यात चालतात त्या बंदुका निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, ते केंद्र सरकारच्या हाती आहे. .४४-४०, .३२-२०, .३५७ आणि .४४ मॅग्नम या यादीत नाहीत. म्हणजे लिव्हरची रायफल मुळात बेकायदा नाही, तिच्यासाठी रीतसर परवाना मात्र लागतो.

परवान्याचा कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. वय किमान २१ पूर्ण लागतं. अर्ज हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि सेनगाव पोलीस ठाण्यातून चौकशी होते. गुन्हा नोंद आहे का, घरी बंदूक सुरक्षित ठेवायची सोय आहे का, अर्जदाराची मानसिक स्थिती ठीक आहे का, हे तपासलं जातं. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही नियमांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो, आणि वारशाची धरून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात.

पीक राखायचं म्हणून रायफल मागणाऱ्याने कायद्याचं तेरावं कलम समजून घ्यावं. त्यात पीकसंरक्षणासाठी जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची. ठासणीची पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक देता येते. आपल्याकडे तिचा अर्थ बारा बोअर. नळीत पेचदार खाचा असलेली रायफल या वाटेने मिळत नाही. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं आणि ते पटणं न पटणं अधिकाऱ्याच्या हाती आहे. हा अन्याय आहे असं मला वाटत नाही. बारा बोअरचे छर्रे तीस-चाळीस मीटरपुढे फारसं काम करत नाहीत, आणि दाट वस्तीच्या शिवारात हाच त्यांचा गुण आहे. पिकासाठीच बंदूक हवी असेल तर एकनळी किंवा दुनळी बारा बोअर घ्यावी. काडतूस मिळतं, दुरुस्त करणारा कारागीर मिळतो आणि कायदाही तेच सांगतो.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून चांगली माणसं कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतात. रानडुक्कर आणि रोही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. राज्य शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरती सोय केली. पिकाचं नुकसान होत असेल तर शेतकऱ्याने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि त्यांच्या परवानगीने, तिच्या अटींत राहूनच पुढचं पाऊल उचलायचं. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असते. ते घरी आणणं, वाटणं, विकणं हा वेगळा गुन्हा आहे. नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते. तिचा अर्ज पंचनाम्यासह वेळेत करणं बंदुकीपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय प्रश्न जनावराच्या यातनेचा आणि माणसाच्या जिवाचाही आहे. .३२-२० ची गोळी साधारण सात ग्रॅमची असते. मोठ्या रानडुकराला ती जखमी करते, जागेवर पाडत नाही, आणि जखमी डुक्कर तुरीच्या दाटीत बसून राहतं. सकाळी त्या तुरीत कोणीतरी बाईमाणूस खुरपायला जाणार असतं. .३५७ जवळून आणि नेमकी बसली तर चालते, पण तिथे चुकीला वाव नाही. या सगळ्या काडतुसांत .४४ मॅग्नम हेच खरं त्या कामाचं, आणि आपल्याकडे तेच सर्वांत दुर्मीळ.

म्हणजे ज्यांच्या घरात अशी रायफल आधीपासून आहे त्यांच्यापुरताच हा विषय खऱ्या अर्थाने उरतो. अशी घरं थोडी आहेत, पण आहेत. त्यांच्यासाठी पुढचं सविस्तर लिहितो.

वडिलांच्या नावावरची बंदूक मुलाची आपोआप होत नाही. परवानाधारक गेला की बंदूक विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. बाकीच्या वारसांचं ना-हरकतपत्र लागतं. त्यावरून भावाभावांत वाद झाले तर बंदूक वर्षानुवर्षं ठाण्याच्या खोलीत गंजत पडते. नियमांत याहून चांगली वाट आहे. परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली असतील किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वडील धडधाकट असताना हे करून घ्यावं. बंदुकीची खोड काय आहे आणि तिचा कोणता स्क्रू ढिला होतो, हे ते समोर बसून दाखवू शकतात. जुन्या परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीचा युनिक आयडी नंबर आहे का, हेही तेव्हाच पाहावं. तो नसेल तर परवाना वैध धरत नाहीत. परवाना नसताना बंदूक जवळ सापडली तर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद आहे.

बंदूक हाती आली की आधी ती रिकामी आहे का ते पाहायचं. लिव्हरच्या रायफलीत हे काम वाटतं तितकं सोपं नाही. मॅगझिन काढून बाजूला ठेवता येत नाही. आतलं प्रत्येक काडतूस लिव्हर चालवूनच बाहेर येतं, म्हणजे ते एकदा चेंबरसमोरून जातं आणि घोडाही चढलेला असतो. नळी मोकळ्या मातीकडे धरावी, बोट चापापासून लांब ठेवावं आणि लिव्हर सावकाश पण पूर्ण ओढावी. काडतुसं येणं थांबलं तरी झडप दाबून बोटाने आत चाचपावं. स्प्रिंग मरगळलेली असेल तर शेवटचं काडतूस मॅगझिनमध्ये अडकून राहतं आणि बंदूक सरळ धरल्यावर अचानक यंत्राकडे सरकतं.

मग तपासणी. नळीत उजेड धरून खाचा पाहाव्या. थोडी झीज चालते, पण खोल खड्डे पडले असतील तर नेम लागणार नाही. लिव्हर बंद केल्यावर बोल्ट मागे-पुढे हलतो का? हलत असेल तर सांधे किंवा ठोकळे झिजले आहेत आणि बंदूक झाडायच्या लायकीची राहिलेली नाही. जुन्या रायफलींत वेगळा सेफ्टीचा खटका नसतो. घोड्याची अर्धी चढ हीच सेफ्टी. रिकाम्या बंदुकीत घोडा अर्ध्यावर ठेवून चाप दाबावा. घोडा सुटला तर ती खाच गेली. हे परवानाधारक कारागिरालाच दाखवावं, घरी कानस लावू नये. १८७३ च्या मॉडेलसाठी आणखी एक पथ्य आहे. .४४-४० ची जास्त दाबाची काडतुसं एके काळी खास १८९२ च्या मॉडेलसाठी बनत. ती जुन्या सांध्याच्या रायफलीत घालू नयेत.

झाडताना नवखा माणूस बहुतेक एकच चूक करतो. लिव्हर अर्धवट ओढून परत वर घेतो. मग एक काडतूस तोंडाशी आणि दुसरं पट्टीवर, असं अडकून बसतं. घाबरून जोर लावला की काम वाढतं. लिव्हर शेवटपर्यंत खाली न्यायची आणि शेवटपर्यंत वर आणायची, मधे थांबायचं नाही. बोटं कडीत पूर्ण घालायची, पण बोल्ट बंद होताना चापावर बोट नको. आणि लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या मिरवणुकीत हवेत बार काढायची हौस कोणी केली तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीत याचं स्वतंत्र पोटकलम आहे. वर गेलेली गोळी खाली येतेच.

सांभाळण्याचा मोठा शत्रू पाऊस. सेनगावचा उन्हाळा लाकूड सुकवतो आणि जुलैत तेच लाकूड ओल पितं. दस्ता जिथे लोखंडाला भिडतो तिथे बारीक चीर पडली आहे का, हे दोन्ही ऋतूंच्या शेवटी पाहावं. लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल पातळ लावून चांगलं पुसून घ्यावं. यंत्रात मात्र खोबरेल किंवा कोणतंही खायचं तेल टाकू नये. ते सुकून चिकट होतं आणि लिव्हर जड चालते. बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, तेही थेंबभरच.

विंचेस्टरच्या जुन्या मॉडेलांत नळी पुढच्या तोंडाकडूनच साफ करावी लागते, कारण मागून सळई जायला जागा नसते. त्या तोंडाची धार सळईने घासली गेली की नेम बिघडतो. म्हणून पुल-थ्रूची दोरी आणि चिंदी वापरावी, किंवा सळईला तोंडाशी पितळी टोपण घालावं. मार्लिनमध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागे निघतो आणि नळी मागून साफ करता येते. जुन्या साठ्यातली काडतुसं झाडली असतील तर त्यांच्या टोपीत मीठ सोडणारी रसायनं असण्याची दाट शक्यता असते. ते मीठ तेलाने जात नाही. आधी गरम पाण्याची चिंदी, मग कोरडी, मग तेलाची, आणि हे त्याच रात्री करावं. कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या म्यानात बंदूक कायमची ठेवू नये, कारण म्यान ओल धरून ठेवतं. भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात ती मोकळी उभी ठेवावी. काडतुसं वेगळ्या कुलपात आणि त्याची किल्ली वेगळ्या जागी ठेवावी. आखाड्यावर बंदूक सोडून कधीच येऊ नये.

निवडणुका लागल्या की ठाण्यातून बंदूक जमा करायचा निरोप येतो. जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर नीट उतरला आहे का ते पाहावं, आणि देण्याआधी नळीला तेलाचा जाड हात द्यावा. तिथे ती किती दिवस पडून राहील हे आपल्या हाती नसतं.

आणि ठेवायची नसेल तर? तीही वाट कायद्यात आहे. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्याच बोअरची नोंद हवी. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा, त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं आणि मगच बंदूक त्याच्या हाती द्यायची. तोवर ती आपल्याच परवान्यावर, आपल्याच कपाटात आणि आपल्याच जबाबदारीवर राहते. उरलेली काडतुसंही त्याच नोंदीत दाखवून द्यावीत. .४४-४० च्या जुन्या रायफलीसाठी बंदुकीपेक्षा ती मूठभर काडतुसंच घेणाऱ्याला जास्त मोलाची वाटतात.